भूमितीचा प्रोजेक्ट: अकरा ते सहा ठिपक्यांपासून सिद्धतेपर्यंत

टीवाय बी.एस्सी.ला भूमितीच्या पेपराला जोडून स्वतंत्र प्रोजेक्ट असला, की पहिल्या आठवड्यात गाईडसमोर येणारे विषय बहुतेक ठरलेले असतात: ‘अयुक्लिडीय भूमिती’, ‘निसर्गातली भूमिती’, ‘सुवर्ण गुणोत्तर’, ‘भारतीय भूमितीचा इतिहास’. यातल्या प्रत्येकावर जाडजूड पुस्तकं आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. बारा आठवड्यांच्या सत्रात एवढा विषय पेलत नाही. मग इकडून तिकडून उतरवलेली चाळीस पानं जमतात, त्यांचं बाइंडिंग होतं आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच ‘हे असं का?’ला विद्यार्थी अडतो. हुशार मुलांच्याही बाबतीत हे होतं, कारण त्यांनी विषय निवडलेला असतो, प्रश्न निवडलेला नसतो.

या पातळीवर संशोधन म्हणजे काय, हे आधी मोकळेपणाने सांगायला हवं. जगात कोणालाच ठाऊक नसलेलं प्रमेय तुमच्याकडून कोणी मागत नाही. प्रश्न तुमचा असावा, उत्तरापर्यंत तुम्ही स्वतःच्या पायांनी चालत गेलेले असावेत आणि प्रत्येक विधानाला ‘हे मला कसं कळलं’ याचा हिशेब देता यावा, एवढीच अपेक्षा असते. तेच उत्तर शंभर वर्षांपूर्वी कोणी छापलेलं निघालं तरी काही बिघडत नाही. सापडलं, की तशी नोंद करायची.

प्रश्न कसा विचारावा याचा सर्वांत जुना आणि सर्वांत कडक सल्ला ‘लीलावती’त आहे. हा ग्रंथ इ.स. ११५० च्या सुमाराचा. चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून, एकही कर्ण किंवा लंब न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो, त्याला भास्कराचार्य पिशाच म्हणतात; उत्तर देणारा तर त्याहून मोठा पिशाच. कारण साधं आहे. चारही बाजू ५ घ्या. चौरस केला तर क्षेत्रफळ २५. तोच थोडा कलता केला, कर्ण ६ आणि ८ झाले, की २४. आणखी दाबून एक कर्ण २ वर आणला, तर जेमतेम ९.८. बाजू त्याच, उत्तरं वेगळी. प्रोजेक्टचा प्रश्न लिहून झाला की त्याला ही कसोटी लावा: दिलेल्या माहितीवरून उत्तर खरोखर ठरतं का? आकृती बहिर्वक्र (कुठेही आत न मुडपलेली) आहे, हे गृहीत धरलंय का? कडा एकमेकींना छेदत नाहीत, हे सांगितलंय का? निम्मे प्रोजेक्ट इथेच सरळ होतात.

एक प्रश्न, अगदी जवळून

पद्धत समजावून सांगण्यापेक्षा एक प्रोजेक्ट सुरुवातीपासून करून पाहिलेला बरा. त्यासाठी दारातली ठिपक्यांची रांगोळी घेऊ.

ठिपके मांडण्याच्या दोन मुख्य रीती. ‘अकरा ठिपके अकरा ओळी’ म्हणजे चौकटीची मांडणी, ठिपक्याखाली ठिपका. ‘अकरा ते सहा’ म्हणजे मधल्या ओळीत अकरा, मग वर आणि खाली दहा, नऊ, आठ, सात, सहा, आणि प्रत्येक ओळीतला ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. दुसऱ्या मांडणीत एकूण ठिपके ११ + २(१० + ९ + ८ + ७ + ६), म्हणजे ९१, आणि बाहेरचा आकार षट्कोनाचा. वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडून घरी तयार केलेला रांगोळीचा कागद असेल तर उत्तमच. त्याखाली कोरा कागद ठेवून पेन्सिलीने ठिपके उतरवले, की प्रयोगशाळा तयार.

आता माहीत असलेलं सूत्र. जॉर्ज पिक या गणितज्ञाने १८९९ साली चौकटीच्या ठिपक्यांसाठी दिलेलं हे सूत्र आहे: ठिपके जोडून केलेल्या बंद बहुभुजाकृतीचं क्षेत्रफळ = आतले ठिपके + कडेवरचे ठिपके ÷ २ − १. ३ बाय २ चा आयत घ्या. आत २ ठिपके, कडेवर १०. २ + ५ − १ = ६. बरोबर.

हे सूत्र वाचून, त्याची सिद्धता उतरवून, चार उदाहरणं दिली तर तो स्वाध्याय झाला. प्रोजेक्ट पुढच्या वाक्यापासून सुरू होतो: *अकरा ते सहाच्या मांडणीवर हे सूत्र चालेल का, आणि रांगोळीत मधे मोकळी जागा सोडली तर काय होईल?* एवढाच प्रश्न बारा आठवड्यांना पुरतो.

या मांडणीत क्षेत्रफळ मोजायचं माप चौरस नसून तीन शेजारच्या ठिपक्यांचा इवलासा समभुज त्रिकोण आहे. तेव्हा आकृत्या काढा आणि चार रकाने करा: आकृती, आतले ठिपके, कडेचे ठिपके, प्रत्यक्ष मोजलेले त्रिकोण. पहिली चूक इथेच होते. विद्यार्थी सुरुवातीला छोट्या आकृत्या घेतात, त्या सगळ्यांत आतले ठिपके शून्य असतात, आणि ‘त्रिकोण = कडेचे ठिपके − २’ असं सूत्र दिसायला लागतं. त्रिकोण: कडेवर ३, क्षेत्रफळ १. समभुज चौकोन: ४ आणि २. समलंब: ५ आणि ३. दहा आकृत्यांवर बरोबर येतं आणि तरी अपुरं असतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. कडेचे ठिपके ६ च ठेवा. १ बाय २ चा समांतरभुज चौकोन: आत शून्य, त्रिकोण ४. मधल्या ठिपक्याभोवतीचा छोटा षट्कोन: आत एक, त्रिकोण ६. आतल्या एका ठिपक्याने दोन त्रिकोण वाढले. आता अटकळ बांधता येते:

त्रिकोण = २ × आतले + कडेचे − २

सहा टोकांची चांदणी काढून तपासा. आत १, कडेवर १२ (सहा टोकं आणि सहा खाचा), म्हणून २ + १२ − २ = १२. मोजून पाहा: मधल्या षट्कोनात सहा, टोकांचे सहा. जुळलं. अकरा ते सहाचा पूर्ण षट्कोन: कडेवर ३०, आत ६१, म्हणून १२२ + ३० − २ = १५०. हेही जुळतं, कारण प्रत्येक बाजू ५ एककांची आणि ६ × २५ म्हणजे १५०.

इथे बहुतेक जण थांबतात आणि सिद्धतेला लागतात. थांबू नका, आता सूत्र मोडायचा प्रयत्न करा. ही पायरी आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि सर्वांत जास्त वगळली जाते तीही हीच.

बाजू २ चा षट्कोन घ्या आणि त्यातला मधला छोटा षट्कोन मोकळा सोडा. एकूण त्रिकोण २४ मधून ६ गेले, उरले १८. ठिपके: बाहेरच्या कडेवर १२, आतल्या कडेवर ६, आत एकही नाही. सूत्र सांगतं १८ − २ = १६. दोनाने कमी. दुसरी दोन-तीन भोकं करून पाहिली, की दर भोकामागे दोनाची तूट दिसते. म्हणजे सूत्राला ‘+ २ × भोकं’ जोडलं की झालं.

झालं असं वाटतं. आता चांदणी घ्या आणि तिच्या मधला षट्कोन मोकळा सोडा. फक्त सहा टोकं भरायची. हा आकार दारोदार दिसतो. त्रिकोण उघड उघड ६. आत शून्य ठिपके, कडेवर १२, भोक एक. दुरुस्त केलेलं सूत्र सांगतं ० + १२ − २ + २ = १२. उत्तर थेट दुप्पट!

काय बिघडलं? इथे भोकाची कड बाहेरच्या कडेला खाचांच्या सहा ठिपक्यांत टेकते. कडेचे ठिपके मोजणं म्हणजेच कडेची लांबी मोजणं, असं आपण न सांगता धरून चाललो होतो. साध्या बंद कडेवर ते खरं असतं; जितके ठिपके तितकेच त्यांच्या मधले रेषाखंड. इथे ठिपके १२ असले तरी रेषाखंड १८ आहेत. म्हणून मोजणीच बदलायची. आतले आणि कडेचे असे वेगळे न मोजता सगळे ठिपके मोजा, आणि कडेसाठी ठिपक्यांऐवजी रेषाखंड मोजा:

त्रिकोण = २ × (एकूण ठिपके) − (कडेचे रेषाखंड) − २ × (तुकडे − भोकं)

(नुसत्या एका ठिपक्यात टेकलेले भागही मिळून एकच तुकडा धरायचा.) टोकांची चांदणी: २४ − १८ − ० = ६. भोकाचा षट्कोन: ३६ − १८ − ० = १८. भरलेली चांदणी: २६ − १२ − २ = १२. एका ठिपक्यात टेकलेले दोन त्रिकोण: १० − ६ − २ = २. सगळीकडे एकच सूत्र. पिकच्या सूत्रापासून सुरू केलं आणि ऑयलर या गणितज्ञाच्या दारात येऊन पोचलो; त्याचा नियम पुढच्या सिद्धतेत येतो. असं वळण लागलं, की प्रोजेक्टला जीव आला असं समजावं.

सिद्धता आता अगदी थोडकी आहे. प्रत्येक छोट्या त्रिकोणाला तीन बाजू. आतला रेषाखंड दोन त्रिकोणांत मोजला जातो, कडेचा एकात. म्हणून ३ × त्रिकोण = २ × सगळे रेषाखंड − कडेचे रेषाखंड. दुसरीकडे ऑयलरचा नियम: ठिपके − रेषाखंड + त्रिकोण = तुकडे − भोकं. याला दोनाने गुणा, ‘२ × सगळे रेषाखंड’च्या जागी पहिल्या ओळीतून ‘३ × त्रिकोण + कडेचे रेषाखंड’ घाला, आणि वरचं सूत्र समोर येतं. पाच-सहा ओळी.

पण या ओळी कुठे चालतात, ते लिहिलंच पाहिजे. कडेची प्रत्येक रेघ एका ठिपक्यावरून शेजारच्या ठिपक्यावर जाणारी हवी. वेलीसारखी सुटी लोंबणारी रेघ चालणार नाही, कारण ती कुठल्याच त्रिकोणाची बाजू नसते आणि ‘कडेचा रेषाखंड एकाच त्रिकोणात’ हे वाक्य खोटं पडतं. गोल वळणांची रांगोळीही बाहेर. तिरक्या, लांबच्या ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा घ्यायच्या असतील तर आधी आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: ज्या त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना ठिपके आहेत आणि दुसरा एकही ठिपका ना आत ना कडेवर, त्याचं क्षेत्रफळ, दिसायला तो कितीही लांबुडका असला तरी, इवल्या समभुज त्रिकोणाएवढंच असतं. ही बाब स्वतंत्र सिद्धता मागते. वेळ असेल तर ती करा. नसेल तर ‘आम्ही फक्त शेजारचे ठिपके जोडणाऱ्या रेघा घेतल्या आहेत’ असं पहिल्या पानावर लिहा. मर्यादा स्पष्ट लिहिल्याने प्रोजेक्ट लहान होत नाही, नेटका होतो.

आणि कोणाला पुढे जायचंच असेल तर त्रिमितीत जावं. तिथे अशी ठिपके मोजून घनफळ काढायची सोय नाही, हे रीव्ह या गणितज्ञाने १९५७ साली एका चतुष्फलकाने दाखवलं. त्याचे शिरोबिंदू (०,०,०), (१,०,०), (०,१,०) आणि (१,१,न). न कुठलाही धन पूर्णांक. ठिपके कायम चारच, आत-कडेवर दुसरा एकही नाही, आणि घनफळ न ÷ ६. न वाढवत न्या, घनफळ हवं तेवढं वाढेल, ठिपके चारच राहतील. टीवायच्या विद्यार्थ्याला हे निश्चयक वापरून एका दुपारी तपासता येतं.

मोजमाप आणि सिद्धता यांतलं अंतर

जिओजेब्रा फुकट आहे, मोबाइलवर चालतं, आणि भूमितीच्या प्रोजेक्टसाठी त्याच्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही. पण ते वापरताना दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण: आकृती अंदाजाने काढणं. मध्यबिंदू हवा असेल तर ‘साधारण मधे’ बिंदू ठेवायचा नाही. मध्यबिंदूचं साधन वापरून तो रचायचा. परीक्षा सोपी आहे. मूळ बिंदू बोटाने ओढून फिरवा. आकृती नीट रचलेली असेल तर मध्यबिंदू मध्यबिंदूच राहतो, लंब लंबच राहतो. अंदाजाने काढलेली आकृती लगेच विस्कटते. बिंदू ओढताना तो मुद्दाम वाईट जागी न्या: तिन्ही बिंदू एका रेषेत, त्रिकोण विशालकोन, चौकोन आतल्या बाजूला मुडपलेला. अटकळी बहुधा अशाच जागी तुटतात.

दुसरं ठिकाण: पडद्यावरचा आकडा. जिओजेब्रा सुरुवातीला दोनच दशांश स्थळं दाखवतं. बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, दोनाच्या वर्गमुळासाठी १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) हे मूल्य येतं, म्हणजे ५७७/४०८. एवढ्या बाजूचा चौरस काढा. क्षेत्रफळ दिसेल २. सेटिंगमध्ये जाऊन चार स्थळं मागा, तरी २.०००० च. पाच मागितली की २.००००१ येतं. खरं काय ते हातानेच कळतं: ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक नेमका एकाचा. इतकं सुरेख मूल्य तेव्हाच्या माणसांनी काढलं याचा आदर वाटतोच. पण पडद्यावर २ दिसलं म्हणून ते २ ठरत नाही, हेही त्याच उदाहरणात आहे. अहवालात ‘जिओजेब्राने सिद्ध झाले’ हे वाक्य लिहू नये. ‘जिओजेब्रात तपासले, त्यावरून ही अटकळ बांधली’ असं लिहावं.

आकृतीनेही फसवणूक होते. ‘प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो’ ही प्रसिद्ध खोटी सिद्धता प्रत्येकाने एकदा स्वतः मांडून पाहावी. शिरोबिंदू अ चा कोनदुभाजक आणि समोरच्या बाजूचा लंबदुभाजक जिथे मिळतात त्या बिंदूतून उरलेल्या दोन बाजूंवर लंब टाकायचे, एकरूप त्रिकोण दाखवायचे, आणि बाजू समान ‘सिद्ध’ करायच्या. प्रत्येक पायरी बरोबर वाटते. चूक आकृतीत आहे: हाताने काढताना तो बिंदू आपण त्रिकोणाच्या आत काढतो. प्रत्यक्षात दोन बाजू असमान असतील तर तो परिवर्तुळावर, म्हणजे त्रिकोणाबाहेर पडतो. एक लंबपाद बाजूवर येतो, दुसरा वाढवलेल्या बाजूवर. त्यामुळे शेवटी एकीकडे बेरीज आणि दुसरीकडे वजाबाकी व्हायला हवी. आपल्या सिद्धतेतल्या प्रत्येक ‘आकृतीवरून दिसते की’खाली लाल रेघ मारा आणि ते आकृतीशिवाय सांगता येतं का ते पाहा.

पुण्यातच सापडणारे आणखी काही प्रश्न

रांगोळी नको असेल तर रस्ते आहेत. रस्ते काटकोनात असतील तर (०,०) पासून (३,४) पर्यंतचं अंतर ५ नाही, ७ आहे, कारण घरांतून सरळ जाता येत नाही. या टॅक्सी-अंतराच्या भूमितीत शाळेत शिकलेली बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी पडते. एक काटकोन त्रिकोण रस्त्यांना समांतर घ्या: काटकोन करणाऱ्या बाजू २ आणि २, कर्ण ४. दुसरा ४५ अंशांत वळवून घ्या: शिरोबिंदू (०,०), (१,१), (१,−१). याच्या त्या दोन बाजूही २ आणि २, मधला कोनही काटकोन, पण कर्ण २. दोन बाजू आणि मधला कोन तेच, तिसरी बाजू वेगळी. शिवाय दुसरा त्रिकोण समभुज असून काटकोनी! इथे लंबदुभाजक कसा दिसतो, हा प्रश्न एका सत्रासाठी पुरेसा आहे. दोन बिंदू नेमके ४५ अंशांच्या रेषेवर असतील तर ‘समान अंतरावरचे बिंदू’ रेषा न राहता पसरट भाग होतात. तो क्षण स्वतः कागदावर गाठावा.

पुण्याचे रस्ते काटकोनात नाहीत, पण आपल्याकडे मुठा नदी आहे. डेक्कनहून नारायण पेठेत जायचं म्हणजे पुलावरूनच जायचं. दोन काठांवरच्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे सगळ्या पुलांमधून सर्वांत कमी पडणारी वाट. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. त्या दिवशी हेच अंतर बदलतं. ‘पूल बंद झाल्यावर कोणत्या बिंदूंचं अंतर बदलतं आणि कोणत्यांचं मुळीच बदलत नाही?’ त्या दोहोंमधली सीमारेषा काढायची. दोन पुलांचं सोपं चित्र घेऊन, नदी सरळ रेषा मानून आणि एका काठावरचा बिंदू पक्का धरून सुरुवात केली तर सीमारेषेत अपास्ताचे (हायपरबोलाचे) तुकडे येतात, कारण तिथे दोन पुलांपासूनच्या अंतरांतला फरक ठरावीक असतो. मग बाजीराव रस्त्यासारखे एकेरी रस्ते धरले, तर जायचं आणि यायचं अंतर वेगळं होतं आणि अंतराच्या व्याख्येतली सममितीची अटच मोडते. एका प्रोजेक्टमध्ये नदी आणि एकेरी रस्ते दोन्ही घेऊ नका, एकच पुरे.

इतिहासाची आवड असलेल्यांनी संकलन टाळून मोजणीचा प्रश्न घ्यावा. चौरसाएवढ्या क्षेत्रफळाचं वर्तुळ काढायची बौधायनांची कृती अशी: अर्ध्या बाजूत, अर्धा कर्ण आणि अर्धी बाजू यांच्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवा, ती त्रिज्या. हिशेब केला तर वर्तुळाचं क्षेत्रफळ चौरसाच्या सुमारे १.०१७ पट येतं. म्हणजे १.७ टक्के जास्त. ‘तिसरा हिस्सा’च्या जागी किती घेतलं तर चूक सर्वांत कमी होईल, आणि दोरी-खुंट्यांनी जमिनीवर आखताना होणाऱ्या चुकीपुढे ही १.७ टक्क्यांची चूक दिसेल तरी का? तीन मीटर बाजूचा चौरस मैदानावर आखून हे मोजता येतं. सुती दोरी ताणली की वाढते, म्हणून न वाढणारी बारीक दोरी घ्या (नायलॉनची नको, तीही ताणली की वाढते) आणि प्रत्येक माप पाच वेळा घ्या. मूळ संस्कृत वचनांसाठी भांडारकर संस्थेचं ग्रंथालय आणि गणिताच्या पुस्तकांसाठी एरंडवण्यातली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही दोन्ही शहरातच आहेत. जाण्याआधी काय शोधायचं ते कागदावर लिहून न्या, म्हणजे तिथला वेळ वाया जात नाही.

बारा आठवडे कसे घालवावेत

पहिले दोन आठवडे फक्त प्रश्नासाठी. प्रश्न एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका. तिसरा ते पाचवा आठवडा उदाहरणं, तक्ते, आकृत्या. पन्नास आकृत्या काढल्या तर त्यांतल्या पाच अहवालात येतील. हे प्रमाण ठीक आहे. सहाव्या आठवड्याच्या शेवटी अटकळ लिहून गाईडला द्यायची आणि ती मोडून पाहायला एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला सांगायचं. सात ते नऊ सिद्धता. सगळं अडकतं ते इथेच, म्हणून तीन आठवडे. दहाव्यात लेखन, अकराव्यात दुरुस्ती, बाराव्यात तोंडी परीक्षेची तयारी. लेखन शेवटच्या चार दिवसांवर ढकललं की सिद्धतेतली भोकं लक्षातच येत नाहीत, कारण ती लिहितानाच दिसतात.

वही एकच ठेवा, बांधलेली, सुटे कागद नकोत. रोज तारीख घाला. चुकलेलं खोडू नका, पान फाडू नका. एक आडवी रेघ मारून शेजारी का चुकलं ते लिहा. वरच्या उदाहरणात १२ आणि ६ चा घोळ ज्या पानावर झाला, तेच पान प्रोजेक्टचा कणा आहे. ते फाडलं तर पुढचं सूत्र आभाळातून पडल्यासारखं वाटेल.

गाईडकडे जाताना ‘सर, अडलंय’ असं सांगून फारसं काही होत नाही. कुठल्या ओळीपर्यंत येतं, पुढची ओळ काय हवी आणि त्यासाठी काय काय करून पाहिलं, हे अर्ध्या पानात लिहून न्या. वीस मिनिटांत काम होतं. गाईडनाही एक विनंती: उत्तर दिसत असलं तरी लगेच सांगू नका. एखादं वाईट उदाहरण सुचवा, ‘भोक कडेला टेकवून पाहा’ एवढंच. बाकीचं विद्यार्थी करतो.

सिद्धता एआयकडून लिहून घेण्याची सोय आता सगळ्यांच्या खिशात आहे. त्यातून मिळणारा मजकूर सफाईदार असतो आणि चूकही तितक्याच सफाईने त्यात बसलेली असते. कुठूनही आलेल्या सिद्धतेला एकच कसोटी लावा: एक ठरावीक आकृती घ्या आणि प्रत्येक ओळीत तिचे आकडे भरा. टोकांची चांदणी वरच्या सिद्धतेत भरली तर ठिपके १२, त्रिकोण ६, सगळे रेषाखंड १८, कडेचेही १८. ३ × ६ = ३६ − १८, बरोबर. १२ − १८ + ६ = ०, बरोबर. जी ओळ आकड्यांत बसत नाही ती चुकीची. आणि जी ओळ का आली ते सांगता येत नाही, ती बरोबर असली तरी अजून तुमची झालेली नाही.

अहवाल दहा-बारा पानांचा पुरे. प्रश्न आणि अटी पहिल्याच पानावर. मग उदाहरणं, अटकळ, ती कुठे मोडली, दुरुस्ती, सिद्धता, आणि शेवटी न सुटलेलं काय राहिलं. आकृत्यांना क्रमांक द्या आणि मजकुरात त्या क्रमांकाने उल्लेख करा. ‘वरील आकृती’ पान उलटलं की खालची होते. व्यत्यास विसरू नका. समभुज त्रिकोणातल्या कुठल्याही बिंदूपासून तिन्ही बाजूंवरच्या लंबांची बेरीज कायम असते, हे व्हिव्हियानीचं प्रमेय क्षेत्रफळांनी दोन ओळींत सुटतं. पण बेरीज कायम असेल तर त्रिकोण समभुजच असतो का, हा उलटा प्रश्न अनेकदा जास्त शिकवतो, आणि चौकोनासाठी विचारला तर उत्तरात समांतरभुज चौकोन येतो.

शेवटच्या आठवड्यात अटकळ खोटी निघाली तर घाबरून जुनी पानं लपवू नका. प्रतिउदाहरण नीट मांडा, ते का अडवतं ते सांगा आणि अटकळ किती आवळली तर खरी राहते ते लिहा. हाही पूर्ण प्रोजेक्ट आहे, आणि परीक्षकांनी त्याला तेवढेच गुण द्यायला हवेत.

तोंडी परीक्षेला जाताना ठिपक्यांचे दोन कोरे कागद आणि दोन रंगांची पेनं सोबत न्या. बाहेरचे परीक्षक बहुधा स्वतःच एखादी वेडीवाकडी आकृती काढतात आणि ‘यावर करून दाखवा’ म्हणतात. आधी अटी तपासा: सुटी रेघ आहे का, भोक कुठे टेकतंय का, तुकडे किती. मग एका रंगाने ठिपके मोजा, दुसऱ्याने कडेचे रेषाखंड, आणि शेवटी त्रिकोण हाताने मोजून ताळा करा.